लॅटिनचं एक नाम मुळापासून कसं शिकावं: ‘गेनुस’

जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘जीनस’, कायद्याच्या वर्गातला ‘सुई जेनेरिस’, औषधाच्या दुकानातलं ‘जेनेरिक’ आणि रेल्वेतला ‘जनरल डबा’. हे चारही शब्द एकाच लॅटिन नामाचे आहेत. जी, ई, एन, यू, एस अशा पाच अक्षरांचं हे नाम रोमन माणूस ‘गेनुस’ असं उच्चारी.

लॅटिन नव्याने शिकणारा बहुधा इंग्रजी पुस्तकातून सुरुवात करतो आणि विभक्तीच्या तक्त्यापाशी अडखळतो. इंग्रजीला विभक्त्याही नाहीत आणि नपुंसकलिंगी नामंही नाहीत, त्यामुळे तिथे प्रत्येक गोष्ट कोरी शिकावी लागते. मराठी वाचकाकडे दोन्ही आहेत. ‘मनः, मनसी, मनांसि’ कधीकाळी पाठ केलं असेल तर या शब्दाचं निम्मं काम झालेलं आहे. खालची पद्धत एका शब्दासाठी लिहिली आहे, पण तीच कुठल्याही लॅटिन नामाला लावता येते.

जवळ काय हवं

- लॅटिन कोश. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९चा कोश इंटरनेटवर फुकट मिळतो आणि सुरुवातीला तो पुरतो. स्वरांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा असलेलीच प्रत वापरा. त्या का हव्यात ते सातव्या पायरीत कळेल.
- संस्कृत कोश. वामन शिवराम आपट्यांचा चालेल. वैदिक शब्द तपासायला मोनियर-विल्यम्सचा जास्त उपयोगी.
- ‘मनस्’ शब्दाचा विभक्तितक्ता, समोर उघडा.
- वहीची दोन कोरी पानं. डाव्या पानावर रूपं, उजव्या पानावर नातलग शब्द आणि अर्थ. दोन्ही एकाच पानावर कोंबलं की व्युत्पत्ती आणि व्याकरण यांची सरमिसळ होते.

१. आधी उच्चार पक्का करा

अभिजात लॅटिनमध्ये ‘जी’ नेहमी कठोर, म्हणजे ‘ग’. वसई-गोव्याच्या चर्चमधलं लॅटिन ऐकलं असेल तर तिथे तोच शब्द ‘जेनुस’ होतो, आणि इंग्रजीत ‘जीनस’. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण शिकताना एकच धरा. व्युत्पत्ती पाहायची असेल तर ‘गेनुस’च धरा.

‘गे’ लांबवायचा नाही, ‘नु’ही नाही. मराठी लेखनात उपान्त्य उकार दीर्घ म्हणायची सवय असते, ती इथे आवरावी लागते. आघाताचा नियम असा: तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दात शेवटून दुसरं अक्षर लघू असेल तर जोर त्याच्या आधीच्या अक्षरावर. म्हणून ‘गेनेरिस’मध्ये जोर ‘गे’वर, आणि ‘गेनेरिबुस’मध्ये ‘ने’वर.

२. कोशातली नोंद वाचायला शिका

नोंद अशी दिसते: गेनुस, -एरिस, आणि पुढे एकटं ‘एन’ हे अक्षर.

पहिलं रूप प्रथमा एकवचन, दुसरं षष्ठी एकवचन. तिसऱ्या जागी लिंग. इथला ‘एन’ म्हणजे ‘न्यूटर’, नपुंसकलिंग. इंग्रजी कोशाची सवय असलेले याला ‘नाउन’ समजतात आणि लिंग नोंदवायचंच विसरतात. लॅटिन कोशात नामाला ‘नाम’ असं वेगळं लिहीत नाहीत, षष्ठी दिली म्हणजेच ते नाम.

३. षष्ठीवरून अंग काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबा.

‘उस’वर संपणारा शब्द दिसला की शिकणारा तो पुल्लिंगी समजून ‘दोमिनुस’ (मालक) सारखा चालवायला लागतो. पण ‘उस’ हा शेवट लॅटिनमध्ये निरनिराळ्या गटांत येतो:

- दोमिनुस, षष्ठी दोमिनी: पुल्लिंगी.
- मानुस, षष्ठी मानूस: स्त्रीलिंगी. अर्थ हात, ‘माणूस’शी काही संबंध नाही.
- गेनुस, षष्ठी गेनेरिस: नपुंसकलिंगी.
- कोर्पुस, षष्ठी कोर्पोरिस: नपुंसकलिंगी, पण मधला स्वर ‘ए’ नव्हे, ‘ओ’.
- वीरुस, षष्ठी वीरी: ‘दोमिनुस’च्याच गटातला असूनही नपुंसकलिंगी.

प्रथमेवरून यातलं काहीच ओळखता येत नाही. संस्कृतातही नेमकं असंच आहे. ‘जनः’ हे एकटं रूप समोर आलं तर ते ‘देवः’सारखं पुल्लिंगी ‘जन’ असेल किंवा ‘मनः’सारखं नपुंसकलिंगी ‘जनस्’. षष्ठी विचारली की उलगडा होतो: ‘जनस्य’ असेल तर पहिलं, ‘जनसः’ असेल तर दुसरं. लॅटिनमध्ये ‘दोमिनी’ आणि ‘गेनेरिस’ हा फरक हेच काम करतो. लॅटिन नाम पाठ करायचं ते नेहमी षष्ठीसकट. नुसतं ‘गेनुस’ पाठ करणं म्हणजे ‘घोडा’ शिकून ‘घोड्याला’ न शिकणं.

आता ‘गेनेरिस’मधून ‘इस’ काढा. उरलं ‘गेनेर्’. हे अंग. आपल्याकडच्या सामान्यरूपासारखंच ते वागतं: प्रत्यय याला लागतात, ‘गेनुस’ला नाही. जनरल, जनरेटर, जेनेरिक या शब्दांत ‘र’ का आहे, याचं उत्तर याच अंगात आहे.

४. रूपं मांडा, ‘मनस्’शेजारी ठेवून

वैदिक संस्कृतात ‘जनस्’ हे नपुंसकलिंगी नाम आहे आणि ‘गेनुस’ हा त्याचाच लॅटिन भाऊ. म्हणून डाव्या पानावर ‘जनस्’ हा ‘मनस्’सारखा चालवून समोर लॅटिन रूपं लिहा:

एकवचन
- प्रथमा: गेनुस – जनः
- द्वितीया: गेनुस – जनः
- षष्ठी: गेनेरिस – जनसः
- चतुर्थी: गेनेरी – जनसे
- ‘अब्लाटिव’: गेनेरे – जनसि

अनेकवचन
- प्रथमा आणि द्वितीया: गेनेरा
- षष्ठी: गेनेरुम – जनसाम्
- चतुर्थी आणि अब्लाटिव: गेनेरिबुस – जनोभ्यः

संबोधन प्रथमेसारखंच. द्विवचन लॅटिनच्या नामांत उरलेलं नाही, ‘दोन’ आणि ‘दोन्ही’ अशा एखाद-दुसऱ्या शब्दात त्याची खूण आहे.

तक्ता लिहिताना तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रथमा आणि द्वितीया एकच. नपुंसकलिंगाचा हा नियम दोन्ही भाषांत अपवादाविना चालतो. दुसरी, ‘अब्लाटिव’ला मराठीत सरळ ‘पंचमी’ म्हणू नका. संस्कृतातल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींची कामं लॅटिनमध्ये या एका विभक्तीने उचलली आहेत. म्हणून तर ‘गेनेरे’च्या समोर वर सप्तमीचं ‘जनसि’ ठेवलं आहे, कारण त्याचा शेवटचा ‘ए’ बहुतेक अभ्यासकांच्या मते जुन्या सप्तमीच्या ‘इ’चाच आहे. अर्थ करताना ‘ने’, ‘हून’ आणि ‘त’ हे तिन्ही लावून पाहायचे आणि वाक्य कुठलं मागतं ते ठरवायचं. तिसरी, ‘बुस’ आणि ‘भ्यः’. हे दोन प्रत्यय एकमेकांसमोर लिहिले की ‘गेनेरिबुस’ पाठ करायला कष्ट पडत नाहीत.

पुस्तकापुस्तकात विभक्त्यांचा क्रम वेगळा असतो. अमेरिकन पुस्तकं प्रथमेनंतर षष्ठी देतात, ब्रिटिश पुस्तकं बहुधा द्वितीया. एक क्रम धरा आणि दुसरं पुस्तक वापरताना ओळी हलवून घ्या. अर्ध्यात क्रम बदलल्याने चतुर्थी-षष्ठीची अदलाबदल होते आणि ती चूक लवकर सापडत नाही.

५. ‘स’चा ‘र’ कसा झाला ते समजून घ्या

‘जनसः’ आणि ‘गेनेरिस’ शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो: संस्कृतात ‘स’, मग लॅटिनमध्ये ‘र’ कुठून?

लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला एकटा ‘स’ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापर्यंत ‘र’ झाला. ‘गेनेसिस’सारख्या जुन्या रूपाचं असं ‘गेनेरिस’ झालं. प्रथमेतला ‘स’ शब्दाच्या टोकाला होता, दोन स्वरांच्या मध्ये नव्हता, म्हणून तो वाचला. एका शब्दाची दोन अंगं दिसतात ती एवढ्याचमुळे.

याचा दगडावरचा पुरावा आहे. रोमच्या दक्षिणेला सात्रिकुम इथे १९७७ साली इसवी सनापूर्वी ५००च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. त्यात ‘पोप्लिओसिओ वालेसिओसिओ’ असं एक नाव षष्ठीत कोरलं आहे. पुढच्या काळातलं हेच नाव ‘पुब्लिउस वालेरिउस’. ‘वालेसि’चा ‘वालेरि’ झाला तो याच नियमाने. शिवाय त्या नावाच्या शेवटचा ‘ओसिओ’ नीट पाहा: ‘देवस्य’मधला ‘अस्य’ तोच आहे.

नियम हातात बसायला आपल्या ओळखीच्या जोड्या घ्या. ‘विष’ आणि ‘वीरुस’. ‘स्नुषा’, जिच्यावरून मराठी ‘सून’ आली, आणि लॅटिन ‘नुरुस’, अर्थ सूनच. ‘उषस्’ आणि पहाटेची ‘आउरोरा’. तिन्हींत संस्कृतचा ‘स’ किंवा ‘ष’, लॅटिनचा ‘र’.

इथे दोन सापळे आहेत. संस्कृत व्याकरण शिकलेल्याला लगेच पाणिनीचं ‘ससजुषो रुः’ आठवतं. तिथेही ‘स’चा ‘र’ होतो, पण तो पदाच्या शेवटी. लॅटिनचा बदल शब्दाच्या पोटात, दोन स्वरांमध्ये. दोन्ही नियम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, ते जोडू नका. दुसरा सापळा ‘काउसा’ (कारण) सारख्या शब्दांचा. तिथे दोन स्वरांमध्ये ‘स’ दिसतो, मग नियम मोडला का? नाही. तो शब्द आधी ‘काउस्सा’ होता, दोन ‘स’ होते म्हणून बदलातून सुटला आणि नंतर एक ‘स’ गळाला.

आणखी एक बारकावा, तक्ता कळायला महत्त्वाचा. ‘जनस्’मध्ये दोन्ही ठिकाणी ‘अ’ आहे, पण ‘गेनुस’मध्ये ‘ए’ आणि ‘उ’. मूळ भाषेतले ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ संस्कृतात ‘अ’मध्ये मिसळून गेले. लॅटिनने ते वेगळे ठेवले, फक्त टोकाच्या ‘ओस’चा ‘उस’ केला. ग्रीकमध्ये अजून ‘गेनोस’च आहे. स्वर कुठले होते हे संस्कृत एकट्याने सांगू शकत नाही, आणि ‘र’च्या जागी मुळात काय होतं हे लॅटिन एकट्याने सांगू शकत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं, ते असेच शब्द शेजारी ठेवून तपासता येतं.

६. धातूपर्यंत जा आणि गोतावळा लिहा

धातू संस्कृतात ‘जन्’, लॅटिनमध्ये ‘गेन्’. ‘ज’समोर ‘ग’ येणं हा योगायोग नाही: जानु–गेनू (गुडघा), रजत–आर्जेंतुम (इथला ‘ज’ही रोमन तोंडी ‘ग’च, म्हणून ‘आर्गेंतुम’ म्हणा), ज्ञात–नोतुस (मुळात ‘ग्नोतुस’). अशा निदान तीन जोड्या मिळाल्याशिवाय ध्वनिसाम्य मान्य करायचं नाही, ही सवय लावून घ्या.

उजव्या पानावर असं लिहा: गेनितोर – जनितृ (बाप). गेनेत्रिक्स – जनित्री (आई). नातुस, जुनं ग्नातुस – जात (जन्मलेला). नातिओ, ज्यावरून ‘नेशन’, आणि आपली ‘जाति’ यांचा पायाही एकच.

मराठीत रोज वापरले जाणारे शब्द यात घाला, मग पान लक्षात राहतं. ‘जनरल’ हे ‘गेनेरालिस’वरून, म्हणजे साऱ्या जातीला लागू. ‘इंजिन’ हे ‘इंगेनिउम’वरून, म्हणजे जन्मजात बुद्धी, मग बुद्धीने रचलेलं यंत्र. जनरल डबा आणि त्याला ओढणारं इंजिन एकाच धातूचे. जनऔषधी केंद्राच्या फलकावर ‘जन’ आणि आतल्या गोळ्यांवर ‘जेनेरिक’: एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा लॅटिनमधून, धातू तोच.

पण ‘जनावर’ या पानावर घालू नका. ते फारसी ‘जान’वरून आलं आहे, ‘जान’ म्हणजे प्राण. ‘जन्’ धातूशी त्याचं नातं नाही. दिसण्यावरून नातं ठरवण्याची ही नेहमीची चूक.

७. सारखी दिसणारी रूपं वेगळी करा

ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा नसलेल्या छापील मजकुरात हे हमखास अडवतं:

- ‘गेनू’ म्हणजे गुडघा, आपलं ‘जानु’, ‘आजानुबाहू’मधलं. त्याची षष्ठी ‘गेनूस’. खूण नसेल तर ती ‘गेनुस’सारखीच छापलेली दिसते.
- ‘गेनेर’ म्हणजे जावई. ‘गेनेरुम’ हे ‘जावयाला’ असेल किंवा ‘प्रकारांचा’. ‘गेनेरिस’मधला ‘इ’ दीर्घ असेल तर ‘जावयांना’, ऱ्हस्व असेल तर ‘प्रकाराचा’. ‘गेनेरी’ हे ‘जावयाचा’ही आहे आणि ‘प्रकाराला’ही.
- ‘गेनिउस’ हा वेगळा शब्द, पुल्लिंगी, अर्थ रक्षक देवता. त्याचं अनेकवचन ‘गेनिई’. ‘गेनुस’चं अनेकवचन म्हणून ते लिहिणं चूक. बरोबर रूप ‘गेनेरा’.

सुटका एकच: शेजारचं विशेषण बघा. ‘होक गेनुस’, ‘ओम्ने गेनुस’, ‘नोवुम गेनुस’ असं नपुंसकलिंगी विशेषण असेल तर शंका मिटली. मराठीत आपण ‘नवा, नवी, नवं’ करतोच, तेच ‘नोवुस, नोवा, नोवुम’. वनस्पतिशास्त्राच्या शोधनिबंधात नव्या प्रजातीपुढे ‘गेनुस नोवुम’चं आणि नव्या जातीपुढे ‘स्पेसिएस नोवा’चं संक्षिप्त रूप असतं. पहिलं नपुंसकलिंगी, दुसरं स्त्रीलिंगी, म्हणून ‘नोवुम’ आणि ‘नोवा’.

८. अर्थ शेवटी, आणि क्रमाने

कोशात वीसेक अर्थ दिसतात. ते सुटे पाठ करू नका, एकातून दुसरा कसा निघाला ते पाहा: जन्म, मग कूळ, मग वंश, मग जात, मग प्रकार. मराठी ‘जात’ हाच प्रवास करते. जन्माने ठरणारी ती जात, आणि हापूस हीही आंब्याची जातच. त्यामुळे अडलं की ‘गेनुस’ला आधी ‘जात’ लावून बघा, बहुतेक वाक्यं सुटतात.

सरावाला दोन तुकडे घ्या. ‘होक गेनुस आर्बोरुम इन मोंते क्रेस्कित’: झाडांची ही जात डोंगरावर वाढते. ‘आर्बोरुम’ षष्ठी अनेकवचन, ‘कशाची जात’ याचं उत्तर. ‘नोबिली गेनेरे नातुस’: थोर कुळात जन्मलेला. इथे ‘गेनेरे’ अब्लाटिव आहे, शब्दयोगी अव्यय नाही, आणि ‘नातुस’ त्याच धातूचा. ‘थोर प्रकाराने’ असं भाषांतर झालं तर अर्थाचा क्रम विसरला असं समजा.

तर्कशास्त्रात ‘गेनुस’ मोठा वर्ग, ‘स्पेसिएस’ त्यातला छोटा. रोमन वक्ता सिसेरो याला ‘स्पेसिएस’ची ‘स्पेसिएरुम, स्पेसिएबुस’ ही अनेकवचनं कानाला नको वाटत, म्हणून त्याने ‘फोर्मा’ हा शब्द पसंत केला. व्याकरणात ‘गेनुस’ म्हणजे लिंग, आणि ‘जेंडर’ हा शब्द फ्रेंचमार्गे तिथूनच निघाला.

जीवशास्त्रात आपण ‘गेनुस’ला ‘प्रजाती’ म्हणतो आणि ‘स्पेसिएस’ला ‘जाती’. परिभाषा ठरवणाऱ्यांनी ‘जन्’ धातूचाच शब्द निवडला हे फार चांगलं झालं. वर्तमानपत्रांत मात्र ‘पक्ष्याची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा बहुधा जाती म्हणायची असते. वाचताना मूळ नाव पाहून खात्री करा. वड, पिंपळ आणि उंबर या तीन जाती, तिघांची प्रजाती एकच, फिकुस. इथेही लिंगाचा सापळा आहे: फिकुस ‘उस’वर संपतो, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ ‘फिकुस रेलिगिओसा’. चिंचही ‘तामारिंदुस इंदिका’, ‘इंदिकुस’ नव्हे.

कायद्यात दोन प्रयोग सतत भेटतात. ‘सुई गेनेरिस’: स्वतःच्याच जातीचा, म्हणजे ज्याला दुसरा नमुना नाही असा. आपला २००१चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा ‘सुई जेनेरिस’ व्यवस्था म्हणवतो, तो पेटंटच्या साच्यात न बसवता स्वतंत्र घडवला म्हणून. आणि ‘एयुस्देम गेनेरिस’: त्याच जातीचे. कलमात ‘गाय, बैल, म्हैस आणि इतर प्राणी’ असं असेल तर ‘इतर’ म्हणजे त्याच जातीचे, असा अर्थ लावण्याचा हा नियम. दोन्हींत ‘गेनेरिस’ षष्ठी आहे. ‘सुई गेनुस’ असं लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याची तिसरी पायरी राहिली आहे.

९. पुढचे शब्द

हाच साचा लावून लगेच तीन नामं करा, म्हणजे तक्ता हाताला बसेल. ‘ओपुस, ओपेरिस’ (काम), संस्कृत ‘अपस्’. पाणी या अर्थाचं ‘आपः’ वेगळं, ते मिसळू नका. याचं अनेकवचन लिहून पाहा, ‘ओपेरा’ येईल. ‘ओनुस, ओनेरिस’ (ओझं), संस्कृत ‘अनस्’ म्हणजे गाडा. शेवटी ‘वेनुस, वेनेरिस’, संस्कृत ‘वनस्’, म्हणजे ओढ, इच्छा. हे मुळात नपुंसकलिंगी नाम होतं. देवीचं नाव झालं आणि स्त्रीलिंगी बनलं, त्यामुळे त्याची द्वितीया ‘वेनुस’ राहिली नाही, ‘वेनेरेम’ झाली. डाव्या पानावर ती ओळ वेगळ्या रंगाने लिहा.